दोन टेलिकॉम कंपन्यांच्या सिस्टीम एकमेकींशी नीट बोलतायत का? इंटरऑप टेस्टिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला गेली काही वर्षं सारखे येतायत, बहुतेक पुण्यातून, टेलिकॉमच्या प्रोजेक्टवर नुकत्याच टाकलेल्या पोरापोरींकडून, काही ऑनसाईट गेलेल्यांकडून. प्रत्येकाला तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळीकडे एकच उदाहरण वापरलंय: चाकणच्या एका कारखान्यापासून जर्मनीत स्टुटगार्टच्या हेड ऑफिसपर्यंत एक लीज्ड लाईन, म्हणजे फक्त त्या ग्राहकासाठी भाड्यानं दिलेली लाईन. चाकण ते मुंबई एक भारतीय कंपनी, तिला ‘अ’ म्हणू. मुंबईच्या लँडिंग स्टेशनपासून युरोपपर्यंत समुद्राखालच्या केबलवाली ‘ब’. तिथून स्टुटगार्टपर्यंत जर्मन कंपनी ‘क’. ग्राहकाचं ॲग्रीमेंट फक्त ‘अ’शी. उदाहरण मी बनवलंय, पण त्यातले घोटाळे बघितलेले आहेत.

१. इंटरऑप टेस्टिंग म्हणजे नेटवर्क टेस्टिंगच ना? पिंग गेलं की झालं?

नाही. पिंग जाणं, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का एवढंच बघणं, हे नेटवर्कवाल्यांचं काम, ते बहुतेक वेळा नीटच करतात. आपण तपासतो ते नेटवर्कच्या वरचं कारभाराचं काम, म्हणजे ऑर्डर, तक्रारीचं तिकीट, लाईनची नोंद, एसएलएचा (किती वेळात दुरुस्त करू या कराराचा) हिशोब, बिल. चाकणची लाईन पडली की कारखान्याचा आयटीवाला ‘अ’ला फोन करतो, ‘अ’चं तिकीट उघडतं, बिघाड जर्मनीत आहे असं कळलं की तेच तिकीट ‘ब’कडे आणि तिथून ‘क’कडे आपोआप जायला पाहिजे आणि ‘क’नं दुरुस्त केल्याची खबर त्याच वाटेनं उलटी चाकणला यायला पाहिजे. तीन कंपन्या, तीन वेगळी सॉफ्टवेअरं, तीन वेगळे डेटाबेस. ही साखळी कुठे तुटते ते शोधणं म्हणजे आपलं काम.

२. एवढा व्याप कशाला? सगळ्यांनी मिळून एकच सेंट्रल सिस्टीम का नाही ठेवत?

कारण आपल्या गोदामाची किल्ली कोणी शेजारच्याला देत नाही. कोणता ग्राहक, कुठे किती फायबर मोकळी, भाव काय, हे सगळं त्या सिस्टीममध्ये असतं आणि ‘ब’ आज भागीदार असला तरी उद्या त्याच ग्राहकाकडे कोटेशन घेऊन जाणार असतो. म्हणून प्रत्येकजण आपलं आपल्याकडे ठेवतो आणि मधे फक्त ठरलेल्या चिठ्ठ्या देतो घेतो. याला एक मोठा अपवाद आपल्या रोजच्या ओळखीचा आहे, तो प्रश्न ९ मध्ये.

३. टीएमएन, टीएमएफ, एमईएफ, सोनाटा... यातलं नेमकं काय वाचू?

जुन्यापासून सांगतो, म्हणजे नावं डोक्यात बसतील. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या टेलिकॉम संस्थेनं नेटवर्कचा कारभार सांभाळायला टीएमएन नावाचा आराखडा केला, त्यातली एम.३०१० ही मुख्य शिफारस. कंपनीच्या आतल्या जोडणीला क्यू३ इंटरफेस आणि दोन कंपन्यांच्या मधल्या सांध्याला एक्स इंटरफेस अशी नावं तिथूनच आली. तक्रारींसाठी एक्स.७९० आली, १९९५ सालची. खालचा प्रोटोकॉल, म्हणजे निरोप देण्याघेण्याची भाषा, सीएमआयपी होता, अभ्यासायला सुंदर आणि बनवायला जीवघेणा. टीएम फोरम (तेच टीएमएफ) ही टेलिकॉम कंपन्यांची संघटना १९८८ मध्ये ओएसआय नेटवर्क मॅनेजमेंट फोरम या नावानं सुरू झाली, आज तिच्या रेस्ट एपीआय (सिस्टीमनी वेबवरून एकमेकींना निरोप द्यायचे ठरलेले साचे) सगळीकडे दिसतात: ६२१ तक्रारीच्या तिकिटासाठी, ६२२ प्रॉडक्ट ऑर्डरसाठी, ६४१ सर्व्हिस ऑर्डरसाठी. एमईएफ (२०२५ पासून नाव एमप्लिफाय) ही पण तशीच संघटना, तिचा भर दोन प्रोव्हायडरच्या मधल्या व्यवहारावर, त्यांनी प्रत्येक सांध्याला संगीतातली नावं दिलीयत, कंपनी ते कंपनी बिझनेस सिस्टीमचा सांधा तो सोनाटा, नेटवर्क चालवणाऱ्या सिस्टीमचा तो इंटरल्यूड. सोनाटाच्या एपीआय टीएम फोरमच्याच पायावर बांधल्यात, त्यामुळे ६२१ आणि ६२२ नीट वाचलं की अर्धं काम झालं. जुनं टीएमएन वाचायचं नसेल तर नका वाचू, पण एक्स.७९० मधला तिकिटाच्या अवस्थांचा भाग जरूर बघा, तीस वर्षांपूर्वी याच गोष्टीवर त्यांनी डोकं खाजवलंय.

४. आमचं कॉन्फॉर्मन्स किट शंभर टक्के पास आहे. मग परत इंटरऑप कशाला? मॅनेजर विचारतोय.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि नेहमी मॅनेजरच्या नावानं येतो. कॉन्फॉर्मन्स म्हणजे तुमची सिस्टीम पुस्तकाप्रमाणे, म्हणजे स्टँडर्डप्रमाणे, वागते का (किट म्हणजे त्यासाठीच्या तयार टेस्ट), इंटरऑप म्हणजे समोरच्या सिस्टीमबरोबर काम होतं का. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आयएसओ ९६४६ या स्टँडर्डमध्ये कॉन्फॉर्मन्सची सगळी पद्धत घालून दिली आहे, पास, फेल आणि इनकन्क्लुझिव्ह (ठरवता येत नाही) असे तीन निकाल असतात हे पण तिथलंच, पण दोन पास झालेल्या सिस्टीम एकमेकींशी जुळतीलच अशी हमी त्यातून मिळत नाही.

जवळून बघा. ६२१ मध्ये बरीच फील्डं ऐच्छिक आहेत. ‘अ’नं कुठल्या सर्किटची, म्हणजे लाईनची, तक्रार आहे ते ‘रिलेटेड एन्टिटी’मध्ये टाकलं, ते पुस्तकाला धरून. ‘क’नं तेच फील्ड वाचायचंच नाही असं ठरवलं कारण ऐच्छिक आहे, आणि सर्किट नंबर डिस्क्रिप्शनच्या मजकुरातून उचलायचा, तेही पुस्तकाच्या विरुद्ध नाही. दोघांचं किट हिरवं. तिकीट गेलं, ‘क’नं स्वीकारलं, २०१ (‘नोंद झाली’ असं उत्तर) आला, आणि ‘क’च्या बाजूला ते ‘सर्किट अज्ञात’ रांगेत जाऊन बसलं जिथे सोमवारशिवाय कोणी बघत नाही. चूक कोणाची? कोणाचीच नाही आणि म्हणूनच ती किटमध्ये सापडत नाही. मॅनेजरला एवढंच सांगा की आरटीओचं लायसन्स दोघांकडे आहे, पण चौकात कोण आधी जाणार हे लायसन्सवर लिहिलेलं नसतं.

५. मग टेस्ट पास झाली हे ठरवायचं कशावरून? २०० किंवा २०१ आला की पास धरतो आम्ही.

तो तर पोस्टमननं पत्र घेतल्याचा शिक्का झाला. मी चार ठिकाणी बघतो: आपल्या डेटाबेसमध्ये काय लिहिलं गेलं, तारेवरून नेमकं काय गेलं, समोरच्याच्या स्क्रीनवर माणसाला काय दिसलं आणि खरी लाईन कशी आहे. तिसरं लोक हमखास गाळतात. समोरच्या टीमला कॉलवर स्क्रीन शेअर करायला लावा आणि तिकीट उघडून वाचून दाखवायला सांगा, अगदी शब्द न् शब्द. ‘प्रायॉरिटी १’ पाठवली आणि त्यांच्याकडे १ म्हणजे सगळ्यात कमी निघाली, असले दागिने लॉगमध्ये सापडत नाहीत.

६. स्टेटस मॅपिंगची एक्सेल शीट दोन्ही टीमनी साईन-ऑफ केलीय, तरी तिकिटं अडकतात. का?

कारण एकाच्या तिकिटाची कुठली अवस्था दुसऱ्याच्या कुठल्या अवस्थेशी लावायची हे ठरवताना शीटवर शब्द जुळवले, अर्थ नाही. ६२१ मध्ये रिझॉल्व्ह्ड वेगळं आणि क्लोज्ड वेगळं. रिझॉल्व्ह्ड म्हणजे ‘आमच्या मते दुरुस्त झालं, तुम्ही तपासा’, क्लोज्ड म्हणजे विषय संपला. ‘क’च्या जुन्या सिस्टीममध्ये तीनच अवस्था, उघडं, थांबलेलं, झालं. कोणा डेव्हलपरनं ‘झालं’ची जोडी क्लोज्डशी लावली. आता स्टुटगार्टमध्ये तंत्रज्ञानं कार्ड बदलून ‘झालं’ दाबलं की चाकणचं तिकीट थेट क्लोज, कारखान्यात लाईन अजून मेलेलीच, बंद तिकीट परत उघडता येत नाही म्हणून नवीन तिकीट, आणि एसएलएचं घड्याळ परत शून्यावर. रिपोर्टमध्ये दोन तिकिटं, दोन्ही वेळेत सोडवलेली, वर हिरवा रंग. ग्राहक मात्र सकाळपासून बंद.

दुसरा घोळ याहून बेरकी आहे. ‘पेंडिंग’ म्हणजे ग्राहकाकडून माहिती हवी, आणि त्या वेळात घड्याळ थांबतं. पण कुठला ग्राहक? ‘क’चा ग्राहक म्हणजे ‘ब’. ‘क’नं ‘ब’ला काहीतरी विचारलं आणि तिकीट पेंडिंग केलं. ‘ब’च्या सिस्टीमनं मॅपिंगप्रमाणे पेंडिंगचं पेंडिंग करून ‘अ’कडे ढकललं. ‘अ’च्या पोर्टलनं इमानदारीत चाकणच्या माणसाला मेसेज केला: तुमच्याकडून माहिती येणे बाकी. तो बिचारा विचारतोय, अहो मी काय माहिती देऊ, लाईन बंद आहे हीच माहिती. आणि तिन्ही कंपन्यांची घड्याळं थांबलेली. म्हणून प्रत्येक अवस्थेपुढे शीटमध्ये तीन कॉलम वाढवा: आता हालचाल कोणी करायची, घड्याळ कोणाचं चालू, आणि मागे फिरता येतं का. एवढं भरायला बसलात की निम्मी भांडणं टेबलावरच होऊन जातात. घड्याळाचा आणखी एक विषय प्रश्न ११ मध्ये आहे.

७. पार्टनर टेस्ट एन्व्हायर्नमेंट देत नाही. स्टब लिहून भागवलं तर चालेल?

चालेल, पण त्याला इंटरऑप म्हणू नका. स्टब म्हणजे समोरच्या सिस्टीमचं सोंग घेणारा छोटा प्रोग्राम, तो तुम्हीच लिहिता, म्हणजे समोरचा कसा वागेल असं तुम्हाला वाटतं तसाच तो वागतो. मी स्टब वापरतो ते बिघाड मुद्दाम पाडायला, त्याबद्दल पुढचा प्रश्न बघा. खऱ्या एन्व्हायर्नमेंटसाठी मात्र आधीपासून मागे लागायचं आणि त्यातला वेळखाऊ भाग कोड नसतो, फायरवॉलची रिक्वेस्ट, आयपी व्हाइटलिस्ट आणि दोन्ही बाजूंची सर्टिफिकेटं, म्हणजे एकमेकींना आत घ्यायच्या परवानग्या, असतो. दोन आठवड्यांची टेस्ट विंडो आणि पहिले आठ दिवस सर्टिफिकेटवर गेले, हे इतकं नेहमीचं आहे की मी प्लॅनमध्येच तसं धरतो. आणखी एक, त्यांच्या टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर लाइव्हचंच व्हर्जन आहे का, हे लेखी विचारा.

८. नॉर्मल केस सगळ्या पास आहेत. निगेटिव्हमध्ये नेमकं काय टेस्ट करू?

चुकीचा डेटा पाठवून ४०० (‘विनंती चुकीची’ असं उत्तर) येतो का, ते सगळेच करतात. खरी मेख आहे ती उत्तर न येण्यात. ‘अ’नं ऑर्डर पाठवली, ‘ब’नं ती घेतली, नोंदवली, आणि उत्तर वाटेत हरवलं. ‘अ’ला वाटलं गेलीच नाही, तिनं परत पाठवली. आता ‘ब’कडे दोन ऑर्डर, दोन सर्किटं, दोन बिलं. यावर उपाय जुनाच आहे, पाठवणाऱ्यानं आपला स्वतःचा नंबर एक्स्टर्नल आयडी म्हणून द्यायचा आणि घेणाऱ्यानं तोच नंबर परत आला तर नवीन न बनवता आधीचीच ऑर्डर दाखवायची. पण हे कागदावर असतं, टेस्ट कोणी करत नाही. करायचं कसं? मधे एक छोटी प्रॉक्सी ठेवा, जी रिक्वेस्ट पुढे जाऊ देईल पण उत्तर गिळून टाकेल. एका दुपारचं काम आहे. मग तीच प्रॉक्सी नोटिफिकेशनला लावा: एक गाळा, एक दोनदा पाठवा, आणि ‘कम्प्लीटेड’ आधी व ‘इन प्रोग्रेस’ नंतर असा क्रम उलटा करा. बऱ्याच सिस्टीम शेवटी आलेलं खरं मानतात आणि पूर्ण झालेली ऑर्डर परत चालू दाखवतात.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये, याचा मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९९६ च्या टेलिकॉम कायद्यानंतर जुन्या लोकल कंपन्यांना आपल्या ऑर्डर आणि दुरुस्तीच्या सिस्टीम स्पर्धकांना वापरू द्याव्या लागल्या, आणि लांब पल्ल्याच्या धंद्याची परवानगी हवी तर हे नीट चालतं हे सिद्ध करावं लागलं. न्यूयॉर्कच्या पब्लिक सर्व्हिस कमिशननं बेल अटलांटिक या तिथल्या जुन्या लोकल कंपनीच्या सिस्टीम तपासायला केपीएमजीला नेमलं, ह्यूलेट-पॅकार्डनं खोटा स्पर्धक बनून इंटरफेस बांधला आणि ऑर्डरी टाकल्या. पास होईपर्यंत परत परत टेस्ट, अशी पद्धत. माझ्या मते त्रयस्थाकडून झालेल्या इंटरऑप टेस्टचं इतकं चांगलं उदाहरण क्वचित मिळेल. डिसेंबर १९९९ मध्ये एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या टेलिकॉम नियामकानं, परवानगी दिली. आणि काही आठवड्यांत स्पर्धकांच्या ऑर्डरींच्या पोचपावत्या आणि पूर्ण झाल्याच्या नोटिसा हरवायला लागल्या. ऑर्डर गेलीय, पुढे काय झालं कळत नाही, ग्राहकाला सांगायचं काय? मार्च २००० मध्ये एफसीसीशी तडजोड होऊन कंपनीनं सरकारी तिजोरीत ३० लाख डॉलर भरले, स्पर्धकांना १ कोटी डॉलरचं क्रेडिट वेगळं. एवढी मोठी टेस्ट पास झाल्यावर घोटाळा झाला तो ऑर्डर चुकल्याचा नव्हता, निरोप हरवल्याचा होता. म्हणून माझी निगेटिव्ह यादी निरोपांपासून सुरू होते.

त्याच्याच पुढची टेस्ट म्हणजे मेळ घालणं. रोज रात्री दोन्ही बाजूंनी उघड्या ऑर्डरींची यादी काढून जुळवायची. हे करणारी जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) आहे का आणि ती फरक सापडल्यावर काय करते, दोन्ही तपासा. नुसता मेल जात असेल तर तो मेल कोण वाचतो तेही विचारा.

९. मोबाईल नंबर पोर्ट करतो ते पण याच प्रकारात येतं का?

येतं, आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे. हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला सुरू झालं, देशभर २० जानेवारी २०११ ला, आणि सर्कल बदलूनही नंबर नेता यायला लागला तो ३ जुलै २०१५ पासून. इथे कंपन्या एकमेकींशी थेट बोलत नाहीत, मधे क्लिअरिंग हाऊस आहे, सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारी त्रयस्थ व्यवस्था. तुम्ही १९०० वर एसएमएस करता, आठ अक्षरांचा यूपीसी (पोर्टिंगचा कोड) येतो, नवी कंपनी विनंती टाकते, जुनी सोडते, नवी चालू करते, आणि नंबर कुठे गेला ही खबर सगळ्या कंपन्यांना जाते.

टेस्टिंगच्या नजरेनं शेवटचा तुकडा बघा. भारतात कॉल जिथून सुरू होतो त्याच कंपनीनं नंबर सध्या कुठे आहे ते बघून कॉल पाठवायचा असतो. म्हणजे दोन कंपन्यांमधला व्यवहार बिनचूक झाला, पण तिसऱ्या कंपनीनं तो निरोप घेतला नाही, तर फक्त तिच्या ग्राहकांचे कॉल लागत नाहीत. ‘सगळ्यांचे फोन येतात, मेव्हण्याचाच येत नाही’ ही तक्रार ऐकली की मला हसू येतं, कारण मेव्हण्याच्या कंपनीनं यादी अपडेट केलेली नसते बहुतेक. अशी टेस्ट दोघांच्या कॉलवर सापडत नाही, व्यवहारात नसलेला तिसरा पाहिजे.

१०. पार्टनर दहा आहेत. सगळ्या जोड्या टेस्ट करायच्या का?

दहा कंपन्यांच्या ४५ जोड्या होतात, ऑर्डर दोन्ही दिशांनी जात असेल तर ९०. कोणी करत नाही. पहिले तीन-चार पार्टनर पूर्ण करा, नंतरच्यांना आधी किट आणि मग फक्त दुखरी यादी लावा, म्हणजे प्रश्न ६, ८, ११ आणि १२. दोन पार्टनरकडे एकाच व्हेंडरचं सॉफ्टवेअर आहे म्हणून एकाला गाळू नका, कॉन्फिगरेशन वेगळं असतं.

११. टाइमझोनचा एवढा बाऊ का? सगळं यूटीसी ठेवलं की संपलं.

यूटीसी म्हणजे जगभर एकच धरलेली वेळ. ठेवलं तर संपलं. ठेवत नाहीत. जर्मनीत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे परत दोन वाजतात, म्हणजे दोन ते तीन हा तास दोनदा येतो. पहिल्या फेरीत २:४० ला तिकीट उघडलं, दुसऱ्या फेरीत २:२० ला सुटलं. आपल्याकडे ते ६:१० ते ६:५०, म्हणजे ४० मिनिटं. ‘क’ स्थानिक वेळ ऑफसेटशिवाय (यूटीसीपासूनचा फरक न लिहिता) पाठवत असेल तर तुमचा हिशोब उणे २० मिनिटं येतो आणि एसएलएचा रिपोर्ट चालवणारी जॉब तरी मरते नाहीतर शून्य लिहिते. शून्य लिहिणारी जास्त वाईट, कळतच नाही. आपला साडेपाच तासांचा फरकही काही जुन्या सिस्टीमना पचत नाही, त्यांनी फक्त पूर्ण तासच धरलेले असतात.

१२. पत्ता व्हॅलिडेशनला सगळ्या भारतीय ऑर्डर रिजेक्ट होतायत. आमची चूक की त्यांची?

बहुतेक त्यांच्या फॉर्मची. युरोपच्या बाजूला रस्त्याचं नाव आणि घर नंबर सक्तीचा केलेला असतो, आणि आपला पत्ता असतो ‘गट नंबर अमुक, वजनकाट्यासमोर, चाकण-तळेगाव रोड’. मग कोणीतरी घर नंबरमध्ये ० टाकतं, ऑर्डर पास होते, आणि मग एका गावातल्या सगळ्या ० नंबरच्या जागा सिस्टीमला एकच वाटायला लागतात. पत्ता मोकळ्या मजकुरात पाठवायची सोय आहे का ते आधी बघा.

देवनागरी पाठवत असाल तर लांबीचं पण बघा. ‘शिवाजीनगर’ ही यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) काना-वेलांट्या धरून ९ चिन्हं पण २७ बाईट. समोरचं फील्ड २० बाईटचं असेल तर ‘शिवाजी’ उरतं आणि ‘न’चे दोन तुकडे लोंबकळतात, ज्यांच्यावर त्यांचा पार्सर आडवा होतो. ü सारख्या खास जर्मन अक्षरांची हीच गत पण तिथे एका अक्षराला दोनच बाईट लागतात म्हणून त्यांच्या टेस्टमध्ये ते सहसा सापडत नाही.

१३. पार्टनरनं न सांगता व्हर्जन बदललं. आता?

आता फोन. पुढच्या वेळेसाठी: अनोळखी फील्ड आलं तर दुर्लक्ष करून पुढे जायचं, आणि स्टेटसच्या यादीत नसलेला शब्द आला तर तिकीट फेकून न देता माणसाच्या रांगेत टाकायचं. या दोन्ही टेस्ट स्टबवर होतात, पार्टनर लागत नाही.

१४. डिफेक्ट कोणाच्या नावावर टाकायचा यावरच कॉल संपतो. काही उपाय?

दोन्ही टीमनी एकच ट्रॅकर वापरा आणि सुरुवातीला डिफेक्ट ‘सांध्याचा’ म्हणून टाका, कोणाच्याच नावावर नाही. सोबत तारेवरचा कच्चा मेसेज, दोन्ही बाजूंचा आयडी आणि यूटीसीतली वेळ. निकाल नसलेल्याला इनकन्क्लुझिव्ह लिहायला लाजू नका, तो पण निकालच आहे, मागे प्रश्न ४ मध्ये आलंय.

१५. लाइव्हवर टेस्ट तिकीट टाकलं तर चालतं का?

कधीकधी टाकावंच लागतं, गो-लाइव्हच्या रात्री एक तरी. मी पण टाकलं होतं, एका पार्टनरच्या लाइव्ह सिस्टीममध्ये, डिस्क्रिप्शनमध्ये ठळक ‘टेस्ट आहे, दुर्लक्ष करा’ असं लिहून. पण त्यांचं ऑटो-डिस्पॅच (दुरुस्तीला माणूस आपोआप पाठवणारं सॉफ्टवेअर) डिस्क्रिप्शन वाचत नव्हतं, ते फक्त प्रायॉरिटी आणि सर्किट नंबर बघत होतं, आणि आम्ही प्रायॉरिटी सगळ्यात वरची दिली होती कारण तीच टेस्ट करायची होती. आता मी आधी चार गोष्टी लेखी घेतो: ज्याच्या मागे खरी लाईन नाही असं डमी सर्किट, त्या सर्किटला डिस्पॅच बंद, ठरलेली वेळ, आणि त्या वेळात त्यांच्या नॉकमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात) जागा असलेल्या माणसाचा नंबर. त्या रात्री यातलं काहीच नव्हतं. तिकीट मस्त गेलं, ॲकनॉलेज्ड आलं, इन प्रोग्रेस आलं, वॉर रूम कॉलवर टाळ्या पण झाल्या. अडीच वाजता एका फील्ड इंजिनिअरचा फोन आला, पाऊस चालू होता त्याच्याकडे, म्हणाला, साहेब मी गेटवर उभा आहे, वॉचमन म्हणतो लाईन चालू आहे, आता आत जाऊन काय दुरुस्त करू?